फुकटचा सिनेमा आणि न मोजलेला प्रेक्षक

शुक्रवारी आपल्या चळवळीशी नाते सांगणारा एक मराठी सिनेमा लागला. शनिवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाच्या ग्रुपवर त्याची अख्खी फाईल येऊन पडली. खाली लिहिले होते, "जय भीम. समाजाचा सिनेमा आहे. सर्वांनी बघा आणि जास्तीत जास्त शेअर करा." रात्रीपर्यंत कितीतरी जणांनी निळे झेंडे आणि जोडलेले हात टाकले. रविवारी दुपारी मी शहरात जाऊन तो सिनेमा थिएटरात पाहिला. दोनशेच्या वर खुर्च्या आणि आम्ही एकोणीस माणसे. सोमवारी तो शो निघाला. बुधवारी त्याच ग्रुपवर दुसरी पोस्ट आली, "मनुवादी थिएटरवाल्यांनी आपला सिनेमा उतरवला. जाहीर निषेध!"

दोन्ही पोस्ट एकाच मुलाच्या होत्या. त्याला मी ओळखते. वस्तीतली अभ्यासिका तोच उघडतो, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तोच भरून देतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. फाईल टाकताना आपण समाजकार्य करतो आहोत असेच त्याला वाटत होते. म्हणूनच या विषयावर मोकळेपणाने बोलले पाहिजे. शनिवारची पोस्ट आणि बुधवारची पोस्ट यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही.

सात मिनिटांचा सिनेमा

आधी काय बदलले ते पाहू. आमच्या लहानपणी जयंतीला वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. रात्रभर मैदानात तीन-तीन सिनेमे चालायचे. मग सीडी आल्या. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या आणि सिनेमांच्या सीडींचे स्टॉल लागू लागले. त्यानंतर मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि सिनेमा प्रत्येकाच्या खिशात गेला. २०१९ नंतर घरोघरी फायबर येऊ लागले. २०२० मध्ये ३० एमबीपीएसचे कनेक्शन महिना ३९९ रुपये अधिक जीएसटी अशा दरात मिळू लागले. गल्लीतल्या केबलवाल्यानेही इंटरनेट द्यायला सुरुवात केली. आज आमच्या वस्तीत एका कनेक्शनवर दोन-तीन घरे चालतात.

साधा हिशेब करा. दीड जीबीची सिनेमाची फाईल १ एमबीपीएसच्या वेगाने उतरवायला तीन तासांहून जास्त वेळ लागायचा, म्हणजे सिनेमापेक्षाही जास्त. ३० एमबीपीएसला तीच फाईल सात मिनिटांत येते. चहा होईपर्यंत सिनेमा हजर. वेळ, पैसा आणि खटपट या तिन्ही गोष्टी संपल्या की चोरी ही चोरी वाटेनाशी होते.

या बदलाने आपल्याला खूप काही दिलेही आहे, ते नाकारायचे कारण नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी बाया आयुष्यात थिएटरची पायरी चढल्या नव्हत्या. तिकीट परवडत नाही, रात्री घरी यायला गाडी नाही, आणि "बाईमाणसाने सिनेमाला कशाला जायचे" हा प्रश्न घरातच तयार. आज त्या दुपारी काम आटोपून टीव्हीवर हवे ते बघतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जय भीम' थेट प्राइम व्हिडिओवर आला. न्या. के. चंद्रू यांनी वकील असताना लढवलेल्या तामिळनाडूतल्या खटल्यावरचा हा तमिळ सिनेमा मराठवाड्यातल्या घरातही पोचला तो इंटरनेटमुळेच. २०२३ मध्ये 'मेड इन हेवन' मालिकेच्या दुसऱ्या पर्वात नीरज घायवान यांनी बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवला. आपल्या लग्नातला बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो एवढ्या मोठ्या मंचावर पाहून आपली माणसे हरखून गेली. थिएटरच्या भरवशावर बसलो असतो तर हे आपल्यापर्यंत कधी आले असते?

तेव्हा वेगवान इंटरनेटशी माझे भांडण नाही. प्रश्न आहे तो आपण मोजले जातो की नाही याचा.

प्रेक्षकाची जनगणना

मोजणीचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख नोंदली गेली, त्यातले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. प्रत्यक्षात आपण याहून जास्त आहोत असे आपण सगळेच म्हणतो. १९९० मध्ये कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी भीतीपोटी किंवा सवयीने अनेक घरांनी धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहू दिले. आता २०२७ च्या जनगणनेच्या निमित्ताने "धर्म बौद्धच लिहा" असे आपण घरोघर सांगतो आहोत. जो नोंदला गेला नाही तो सरकारच्या हिशेबात नसतो, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे.

सिनेमाच्या धंद्यातही तेच चालते. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या यावर सोमवारचे शो ठरतात. तिकिटाच्या पैशातून कर वजा जाता उरलेली रक्कम थिएटर आणि वितरक वाटून घेतात, आणि वितरकाकडून उरलेले निर्मात्याकडे जाते. ओटीटीवरही तसेच. किती जणांनी सिनेमा सुरू केला, किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, याची नोंद कंपनीकडे होते आणि त्यावर पुढची खरेदी ठरते. चोरीच्या फाईलची मात्र नोंद कुठेच नसते. ती लाख माणसांनी पाहिली तरी निर्मात्याच्या वहीत शून्यच राहते.

इवाय आणि इंटरनेट अँड मोबाईल असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या ऑक्टोबर २०२४ च्या अहवालात २०२३ मधला पायरसीचा धंदा २२,४०० कोटी रुपयांचा सांगितला आहे. त्यातले १३,७०० कोटी थिएटरमधून चोरलेल्या आणि ८,७०० कोटी ओटीटीवरून चोरलेल्या मालाचे. देशातले ५१ टक्के प्रेक्षक चोरीच्या वाटेने काही ना काही पाहतात, असेही त्यात म्हटले आहे. हे आकडे उद्योगाच्या बाजूने काढलेले आहेत, आणि फुकट पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढून आलाच असता असेही नाही. पण रोग किती पसरला आहे हे त्यातून कळते.

आता हा फटका कोणाला बसतो ते पाहा. मोठ्या नटाचा दोनशे कोटींचा सिनेमा फुटला तरी त्याचे सॅटेलाइट, संगीत आणि जाहिरातीचे हक्क आधीच विकलेले असतात. त्याचा पुढचा सिनेमा अडत नाही. आपल्या दिग्दर्शकाचे तसे नसते. बार्शीच्या विनोद कांबळे यांचा 'कस्तुरी' पाहा. सफाईचे काम करणाऱ्या घरातल्या पोराची ही गोष्ट. तिला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी थिएटरात यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. अशा सिनेमाला मोजके शो मिळतात. त्या शोला वीस माणसे कमी आली तरी तो उतरतो आणि पुढच्या वेळी निर्माता म्हणतो, "विषय चांगला आहे हो, पण या विषयाला प्रेक्षक नाही."

प्रेक्षक नाही! आपण लाखोंनी पाहिला, डोळे पुसले, स्टेटस ठेवले, आणि धंद्याच्या वहीत लिहिले गेले की प्रेक्षक नाही.

याच्या उलटही घडलेले आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लागला. लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला. एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा काही गावांत मध्यरात्रीनंतरचे शो लावावे लागले, आणि मराठी सिनेमाने पहिल्यांदाच शंभर कोटींच्या कमाईची गोष्ट केली. 'सैराट'च्याही चोरीच्या प्रती मोबाईलमधून फिरल्याच. पण थिएटरसमोरच्या रांगा इतक्या मोठ्या होत्या की मोजणी चुकवता आली नाही. मार्च २०२२ मध्ये त्यांच्याच 'झुंड'मध्ये हिंदी पडद्यावर निळ्या झेंड्यांची जयंती दिसली आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभे राहिले. त्या चित्राचे स्टेटस घराघरात दिसले. तिकीटबारीवर मात्र त्या प्रमाणात गर्दी झाली नाही. स्टेटसची संख्या आणि तिकिटांची संख्या यांत पडलेले हे अंतर आपण समजून घेतले पाहिजे.

बाबासाहेबांच्या वर्गणीदारांची गोष्ट

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. अंक गावोगाव जायचा, एक जण वाचायचा आणि पन्नास जण ऐकायचे. वर्गणी मात्र पुरेशी यायची नाही. हे पत्र चालवणे हे समाजावरचे ऋण नाही का, असा प्रश्न बाबासाहेबांना १९२८ मध्ये अग्रलेखातून आपल्याच लोकांना विचारावा लागला. १९२९ च्या अखेरीस ते पत्र बंद पडले, त्यामागे पैशाची तंगी हे मोठे कारण होते.

तेव्हाचा आपला माणूस खरोखर दरिद्री होता. आज आपल्यातले सगळेच तसे नाहीत. बँकेत, शाळेत, महापालिकेत आणि आयटी कंपनीत नोकरी करणारा मोठा वर्ग आहे. दीडशे रुपयांचा पिझ्झा मागवून हा वर्ग चोरीचा 'समाजाचा सिनेमा' बघतो, तेव्हा गरिबीचे कारण त्याने पुढे करू नये.

"पण ताई…"

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. त्याने तीन मुद्दे मांडले, आणि तिन्ही टाकाऊ नाहीत.

पहिला, "सगळ्यांना परवडत नाही." खरे आहे. नाका कामगाराच्या घरातली पाच माणसे मल्टिप्लेक्सला गेली तर दोन दिवसांची मजुरी जाते. तालुक्यातले एकपडदा थिएटर बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालेले असते. ओटीटीही एक नाही, पाच-सहा आहेत. ज्याच्यासमोर दुसरी वाटच नाही त्याला मी दोषी म्हणणार नाही. पण फाईल ज्या ग्रुपवर आली तिथल्या दोनशे सभासदांपैकी किती जणांसमोर वाट नव्हती, हेही विचारायला हवे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. "आमचे सिनेमे हे लोक दाखवूच देत नाहीत." यातही तथ्य आहे. 'फुले' सिनेमा महात्मा फुले जयंतीला, ११ एप्रिल २०२५ ला, लागणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने जातींच्या उल्लेखांसह अनेक बदल करायला लावले आणि तो २५ एप्रिलला आला. संध्या सुरी यांचा 'संतोष' दलित मुलीच्या खुनाचा तपास करणाऱ्या महिला पोलिसाची गोष्ट सांगतो. तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला. भारतात बोर्डाने मागितलेल्या काटछाटीमुळे तो थिएटरात आला नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरलेले ओटीटीवरचे प्रदर्शनही थांबले.

जिथे सत्तेनेच सगळी दारे बंद केली आहेत तिथला लपूनछपून पाहणारा प्रेक्षक आणि खिडकी उघडी असताना फुकट पाहणारा प्रेक्षक, या दोघांना मी एका तराजूत घालत नाही. तरीही एक धोका आहे. चोरीची फाईल हातात आली की प्रदर्शनाची मागणीच थंड होते. बंदीविरुद्ध मोर्चा निघत नाही, पत्र जात नाही, कोणी कोर्टात उभे राहत नाही. "आपण तर पाहिला" म्हणून आपण गप्प बसतो आणि दार बंद करणाऱ्यांचे काम सोपे होते.

तिसरा मुद्दा त्याने हसत मांडला, "ताई, सगळेच करतात." त्याचे उत्तर पुढे येईल.

अडकणार कोण?

कायद्याची बाजूही तरुणांनी नीट समजून घ्यावी. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगीशिवाय सिनेमाचे चित्रण करणे आणि तशी प्रत पसरवणे यासाठी तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद झाली. दंड सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कॉपीराइट कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आधीपासूनच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने बारा अधिकारी नेमले. तक्रार आल्यावर ४८ तासांत अशा साइट बंद करायला लावायचे काम त्यांच्याकडे आहे. साइट बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी नाव बदलून उघडतात, कारण त्यांचे मालक परदेशात बसलेले असतात.

सापडतो तो शेवटच्या टोकावरचा पोरगा. २०१८ मध्ये पा. रंजित यांचा धारावीत घडणारा 'काला' लागला, तेव्हा सिंगापूरमधल्या एका प्रेक्षकाने तो थिएटरातूनच फेसबुकवर थेट दाखवायला सुरुवात केली आणि तो पकडला गेला. आपल्या वस्तीतल्या पोराचे नाव पोलीस ठाण्यात कोणत्याही कारणाने लिहिले गेले की पुढे काय होते, हे माझ्यासारख्या काम करणाऱ्या माणसाला चांगले माहीत आहे. पोलीस भरती, पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी, प्रत्येक ठिकाणी ते नाव आडवे येते. एका सिनेमासाठी एवढी किंमत मोजायची?

शिवाय या साइट फुकट नसतात. सट्ट्याच्या ॲपच्या जाहिराती त्यांच्यावरच असतात. "सिनेमा बघण्यासाठी हे ॲप टाका" म्हणून जे उतरवायला लावतात, त्यातून बँकेचे मेसेज वाचले जातात आणि खाते रिकामे होते. सिनेमा फुकट देऊन गिऱ्हाईक जमवायचे आणि ते जुगारवाल्याला विकायचे, असा हा धंदा आहे.

दुसरे शील

आता "सगळेच करतात" याचे उत्तर. बरेच लोक खूप काही करतात, म्हणून तर आपण वेगळा मार्ग घेतला. दर रविवारी विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील सांगते की जे आपल्याला दिलेले नाही ते घ्यायचे नाही. त्यात वस्तू हाताला लागली पाहिजे अशी अट नाही. दिग्दर्शकाने, लेखकाने, लाइट उचलणाऱ्या कामगाराने केलेले काम त्यांनी ज्या वाटेने दिले आहे त्याच वाटेने घ्यायचे, एवढाच त्याचा साधा अर्थ मी लावते. आपल्या कितीतरी पिढ्यांच्या श्रमाचे मोल कोणी दिले नाही. वेठबिगारीची आणि येसकरकीची आठवण ज्या समाजाला आहे, त्याने दुसऱ्याचे श्रम फुकट घेऊ नयेत. तो कलावंत आपलाच असेल तर मुळीच नाही.

मंडळांनी काय करावे?

उपदेश करून लेख संपवण्यात अर्थ नाही. चार गोष्टी आपल्याला सहज करता येतील.

एक, पहिले तीन दिवस आपले. आपल्या विषयावरचा चांगला सिनेमा आला की मंडळाने पहिल्या शनिवारी किंवा रविवारी एकत्र तिकिटे काढावीत. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जो खर्च होतो, त्यात एक अख्खा शो आरक्षित होऊ शकतो. ज्यांना परवडत नाही त्यांची तिकिटे नोकरदारांनी काढावीत. हेही दानच आहे.

दोन, विहार आणि समाजमंदिरात पडदा लावा, पण परवानगीने. घरचे ओटीटी खाते घरच्यापुरतेच असते, ते लावून शंभर माणसांना दाखवणे नियमात बसत नाही. निर्मात्याला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहा. छोट्या सिनेमाचे निर्माते अनेकदा थोड्या मानधनात तयार होतात. आनंद पटवर्धन यांनी रमाबाई नगर गोळीबारानंतर चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' केला आणि तो वस्त्यावस्त्यांत पडदा लावून दाखवला. ती परंपरा आपलीच आहे. एकत्र पाहण्याचा गुणही वेगळा असतो. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड मोबाईलवर पाहणारा पुढच्या व्हिडिओकडे सरकतो. समाजमंदिरात तो पाहिल्यावर कोणी लगेच उठत नाही. नंतरची चर्चा हीच आपली अभ्यासिका.

तीन, सार्वजनिक पैशाने झालेले सिनेमे मागा. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून झाला. मामुट्टी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा जनतेचाच आहे. प्रत्येक शाळेला, वसतिगृहाला आणि समाजमंदिराला त्याची चांगली प्रत सर्व भाषांत मोफत मिळावी, अशी मागणी संघटनांनी लेखी करावी. हक्काने मिळू शकते ते चोरून का पाहायचे?

चार, ग्रुपचा नियम करा. सिनेमाची फाईल टाकायची नाही, तिकिटाचा फोटो टाकायचा. स्टेटस ठेवायचेच असेल तर त्याचे ठेवा.

आमच्या मंडळाने पहिला आणि चौथा नियम केला आहे. तो मुलगाच आता तिकिटांची यादी करतो. मागच्या खेपेला चौतीस नावे झाली. दोनशेच्या ग्रुपमध्ये चौतीस म्हणजे फार नाहीत, पण ती चौतीस माणसे मोजली गेली.

जनगणनेचा माणूस दारात आला की धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायला लावा. आणि आपल्या जगण्यावरचा सिनेमा लागला की खिडकीवर जाऊन स्वतःची नोंद करा. दोन्ही ठिकाणी आपण गैरहजर राहिलो, तर "तुम्ही आहातच किती?" असे विचारणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे काही उरणार नाही.

जय भीम.